टीजेची ॲडमिशन मिळाली, पण पाठवायचं का?

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही व्हर्जिनियात ॲशबर्नला राहतो. मोठी मुलगी आठवीत आहे. गेल्या आठवड्यात तिला टीजेची, म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजीची ॲडमिशन मिळाल्याचा ईमेल आला. अर्ज 'करून तर ठेवू' म्हणून केला होता. आता खरोखर मिळाल्यावर घरात तट पडलेत.

नवरा म्हणतो, यात विचार कसला करायचा? तो पुण्याच्या सीओईपीचा. चांगल्या शाळेत गेलं की चांगलं कॉलेज मागोमाग येतंच, असं त्याचं म्हणणं. टीजेमधून एमआयटीला, प्रिन्स्टनला मुलं जातात ती काय उगाच? मंडळातल्या मैत्रिणी नेमकं उलट सांगतात. तिथे सगळेच हुशार, आपलं मूल मधल्या गर्दीत हरवतं, बेस स्कूलला, म्हणजे आपल्या भागाच्या ठरलेल्या शाळेत, राहिलं तर पहिल्या दहात येईल. शिवाय, प्रवेशाची टेस्ट काढून टाकल्यापासून टीजेला पूर्वीची किंमत राहिली नाही, असंही एकीने ऐकवलं. ऑस्टिनचा भाऊ म्हणाला, 'आमच्याकडे तर लोक मुद्दाम सोपी शाळा शोधतात.' तिकडे सांगलीत सासूबाईंचे पेढे वाटूनही झाले.

मुलीबद्दल सांगते. आतापर्यंत सगळे ए. यंदा जॉमेट्रीत एका क्वार्टरला पहिल्यांदा बी आला, तर दोन दिवस धड जेवली नाही. व्हायोलिन वाजवते, इथल्या मुलांच्या ऑर्केस्ट्रात आहे. घरामागच्या ओढ्यावर जाऊन बेडूक, चतुर, कसले कसले किडे यांचे फोटो काढते आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकते. त्यात तिचे तासन् तास जातात. जिवलग मैत्रिणी दोघी बेस स्कूलला जाणार आहेत. टीजेला बसने एका बाजूला सव्वा तास लागेल. तिला विचारलं तर म्हणते, 'तुम्ही ठरवा.'

होकार-नकार कळवायला फार दिवस नाहीत. मला एवढंच सांगा: टीजेला गेल्याने कॉलेजच्या ॲडमिशनला फायदा होतो की तोटा?

– एक आई, ॲशबर्न

उत्तर

नमस्कार,

तुम्ही विचारलंत तेवढ्यापुरतं उत्तर आधी देते. तुमच्या मुलीसारख्या मुलीला, तुमच्यासारख्या भागात, टीजेमुळे कॉलेजच्या ॲडमिशनमध्ये फारसा फायदा होणार नाही आणि फारसा तोटाही होणार नाही. दोन्ही रस्त्यांनी ती साधारण सारख्याच कॉलेजांच्या दारात जाऊन उभी राहील. या उत्तराने तुमच्या घरातलं कुणीच खूश होणार नाही याची मला कल्पना आहे, म्हणून जरा खोलात जाते.

यजमानांचा पुरावा आधी घेऊ. टीजेमधून एमआयटीला मुलं जातात हे खरंच आहे. पण ही शाळा १९८५ मध्ये सुरू झाली ती मुलं निवडून घेणारी शाळा म्हणूनच. फेअरफॅक्स, लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन आणि फॉल्स चर्च या पाच ठिकाणांहून हजारोंनी अर्ज येतात आणि जागा साडेपाचशेच्या आसपास. ज्या तालमीत दंड-बैठका मारून तयार झालेली पोरंच घेतात, तिथल्या पहिलवानांनी मैदान मारलं तर त्यात वस्तादाचा हात किती आणि पोरांच्या अंगातला जोर किती, हे नुसत्या गदा मोजून कळत नाही. यजमान गदा मोजतायत. पुण्यातही हेच व्हायचं की. ज्या कॉलेजात अकरावीचा कटऑफ सगळ्यात वर, त्याच कॉलेजाचा बारावीचा निकाल सगळ्यात वर, आणि दर जूनमध्ये आपण त्या कॉलेजाचं कौतुक करायचो.

शाळेचा हात आणि मुलाचा जोर वेगळा काढण्याची एक युक्ती अर्थशास्त्रज्ञांनी शोधली. न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट, ब्रॉंक्स सायन्स, ब्रुकलिन टेक या शाळांत एकाच परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. एखाद-दुसऱ्या गुणाने आत गेलेलं मूल आणि एखाद-दुसऱ्या गुणाने बाहेर राहिलेलं मूल यांच्या हुशारीत म्हणावा असा फरक नसतो. पुढे एक स्टायव्हेसंटला जातं, दुसरं कुठल्यातरी दुसऱ्या शाळेत. मग काही वर्षांनी दोघं कुठे पोचली ते बघायचं. विल डॉबी आणि रोलंड फ्रायर यांनी हे करून पाहिलं, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. आत गेलेल्या मुलांनी जास्त अवघड विषय घेतले, हे दिसलं. पण एसएटीचे, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचे गुण, कॉलेजात जाणं, कॉलेज पूर्ण करणं, यांत फरक जवळजवळ नव्हता. त्याच वर्षी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या अशा शाळांवरचा दुसरा अभ्यास आला, त्यातही तेच: वर्गातली मुलं एकदम वरच्या दर्जाची मिळतात, पण त्यामुळे आपल्या मुलाचे गुण फारसे हलत नाहीत. तो करणाऱ्या तिघांपैकी जोशुआ अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच नैसर्गिक प्रयोगांमधून कार्यकारणभाव शोधण्याच्या पद्धतीसाठी. तिघांतले दुसरे पराग पाठक. नाव वाचून तुम्ही लगेच 'आपले' म्हणाल म्हणून सांगते, ते नेपाळी वंशाचे.

आता यातली पळवाट मीच दाखवते, नाहीतर यजमान दाखवतील. हे अभ्यास काठावरच्या मुलांबद्दल बोलतात. जो पोरगा त्या परीक्षेत पहिल्या पाचात आला, त्याला स्टायव्हेसंटने काय दिलं हे त्यातून कळत नाही. आणि टीजे त्या अभ्यासांत नव्हती. हे सगळं मान्य करूनही माझा निष्कर्ष बदलत नाही, कारण तुमची बेस स्कूल लाउडन काउंटीतली आहे. निवडक शाळेचा खरा फायदा होऊ शकतो तो जिथे घराजवळच्या शाळेत कॅल्क्युलसच शिकवत नाहीत तिथे. ॲशबर्नमध्ये ती अडचण नाही.

आता तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं. ते हवेत नाही, आणि खरं म्हणजे या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

मी याच भागातल्या एका पब्लिक शाळेत बरीच वर्षं काउन्सेलर होते. दर वर्षी 'स्कूल प्रोफाइल' तयार करायचं काम माझ्याकडे असायचं. पालकांना हा कागद बहुधा माहीतच नसतो. दोन-चार पानांचा असतो. शाळेत कोणकोणते एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय आहेत, ग्रेड कशा देतात, वर्गातल्या किती मुलांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, कुठल्या टप्प्यात आहे, एसएटीची सरासरी काय, असं सगळं त्यात असतं. मुलाच्या ट्रान्सक्रिप्टबरोबर, म्हणजे गुणपत्रकाबरोबर, तो प्रत्येक कॉलेजला जातो. शिवाय काउन्सेलरला एका फॉर्मवर खूण करायची असते, की या मुलाने घेतलेले विषय या शाळेत मिळू शकणाऱ्या विषयांच्या मानाने किती अवघड होते. 'या शाळेत' हे लक्षात घ्या. बऱ्याच कॉलेजांत एकेका भागाची फाइल वाचणारी माणसं ठरलेली असतात. उत्तर व्हर्जिनिया ज्याच्याकडे असतो, त्याच्या डोळ्यांसमोर तुमच्या मुलीची फाइल येते ती तिच्याच शाळेतल्या इतर मुलांच्या फाइलींच्या आगेमागे.

आपण ज्या पद्धतीतून आलो ती याच्या अगदी उलट. बारावीचे गुण असोत, सीईटी असो की जेईई, तुम्ही अकरावी-बारावी फर्ग्युसनला केलीत की लातूरला की मिरजेला, हे गुणवत्ता यादीला विचारायचं नसतं. क्रमांक लावायला सगळ्यांची एकच रांग. तिथे चांगलं कॉलेज म्हणजे चांगली तयारी, चांगली तयारी म्हणजे वरचा नंबर, हा हिशोब निदान सरळ तरी होता. इथे तुमची मुलगी सगळ्या देशाच्या रांगेत उभी राहण्याआधी स्वतःच्या शाळेच्या रांगेत उभी असते. यजमानांना हे एकदा नीट समजावून सांगा. इथे वीस वर्षं काढलेल्या, अतिशय हुशार बापांच्याही डोक्यातून ती जुनी रांग जात नाही.

म्हणजे टीजेमधला बी आणि दुसरीकडचा ए सारखा धरतात का? प्रोफाइल बघून वाचणाऱ्याला कळतं की इथे ए मिळवणं अवघड आहे, तेवढी सवलत मनातल्या मनात मिळते. पण पुढच्याच फाइलीत त्याच शाळेतला, त्याच शिक्षकाकडचा ए असतो. फार थोड्या जागा असलेल्या कॉलेजला टीजेमधली मुलं हवी असतील, तर ती बी वाल्यांतून उचलायची गरज त्यांना पडत नाही. प्रिन्स्टनचे थॉमस एस्पेनशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नामांकित विद्यापीठांच्या अर्जांवर जो अभ्यास मांडला, त्यात हीच ओढाताण दिसते. मुलाची स्वतःची कामगिरी तेवढीच धरली, तर शाळेत हुशार मुलं जितकी जास्त तितकी त्याची प्रवेशाची शक्यता कमी होते; दुसऱ्या बाजूने शाळेचं नाव थोडा हात देतं. शिकागोच्या निवडक पब्लिक शाळांवर २०२० मध्ये आलेला अभ्यास तर आणखी बोचरा आहे. गरीब वस्त्यांमधून या शाळांत गेलेल्या मुलांचा शाळेतला क्रमांक घसरला आणि ती निवडक कॉलेजांत पोचण्याची शक्यता वाढण्याऐवजी कमी झाली. ज्यांच्यासाठी राखीव वाट काढली, त्यांनाच ती महागात पडली.

पण म्हणून 'बेस स्कूलला असती तर पहिल्या दहात' हेही मी डोळे मिटून मान्य करणार नाही. ॲशबर्नच्या शाळेत पहिल्या दहात यायला काय लागतं, ते मंडळातल्या बायकांना चांगलं माहीत आहे. तुमच्याच कॉलनीतली निम्मी मुलं त्या शर्यतीत आहेत. टीजे सोडली म्हणजे स्पर्धा सुटली, असं काही होत नाही. शिवाय मधल्या गर्दीतली मुलं 'हरवतात' म्हणजे नेमकी कुठे जातात हेही विचारा. ती व्हर्जिनिया टेकला जातात, विल्यम अँड मेरीला जातात, जॉर्ज मेसनला जातात, नोकऱ्या करतात, लग्नं करतात आणि दिवाळीच्या कार्यक्रमात नाचतात. यूव्हीएबद्दल, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाबद्दल, एवढं लक्षात ठेवा की तिथल्या दोन तृतीयांशच्या आसपास जागा व्हर्जिनियाच्या मुलांना जातात. टीजेला गेलं की ते दार बंद, असं अजिबात नाही. फक्त टीजेमधली पुष्कळ मुलं तिथे अर्ज करतात, त्यामुळे तो गठ्ठा जाड असतो. आणि कुणाला सांगू नका, पण नोव्हा म्हणजे नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून, ठरलेला जीपीए राखला तर राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत हमखास प्रवेशाचे करार आहेत. आपल्या लोकांना तो रस्ता कमीपणाचा वाटतो. ते जाऊ दे.

ऑस्टिनच्या भावाचं बरोबर आहे, पण त्यांच्यापुरतं. टेक्ससमध्ये १९९७ पासून कायदाच आहे, की शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठाने ती मर्यादा खाली आणत आणत सहा टक्के केली आणि २०२६ च्या प्रवेशांपासून पाच टक्के. तिथे शाळेतला क्रमांक म्हणजे थेट तिकीट, म्हणून काही घरं खरोखर कमी स्पर्धेची शाळा निवडतात. यावरही अभ्यास झालाय. कॅलिफोर्नियातही शाळेतल्या वरच्या नऊ टक्क्यांसाठी एक हमी आहे, पण ती विद्यापीठाच्या कुठल्यातरी शाखेत जागेची, बर्कलीची नव्हे. व्हर्जिनियात राज्यभरासाठी असा कायदा नाही. तेव्हा भावाचा सल्ला त्याच्याच घरी राहू द्या.

टेस्ट काढल्याने किंमत कमी झाली का? बदल २०२० च्या शेवटी झाला. प्रवेश परीक्षा गेली, अर्जाची फी गेली, प्रत्येक मिडल स्कूलमधल्या दीड टक्के मुलांसाठी जागा ठरल्या, आणि जीपीए, निबंध वगैरे बघायला सुरुवात झाली. त्यावर पालकांनी, त्यांत आपलेही बरेच, कोर्टात धाव घेतली. २०२३ मध्ये अपील कोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. या वादात तुम्हाला कुठल्या बाजूला उभं राहायचं ते राहा, पण तेरा वर्षांच्या मुलीसमोर 'आता कुणालाही मिळते' असं घरात बोलू नका. तिने ती जागा मिळवलीय.

तर कॉलेजचा मुद्दा काट्यावर ठेवला तर काटा जेमतेम हलतो. मग उरतं काय? चार वर्षं उरतात. आणि इथे दोन शाळांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टीजेची खरी श्रीमंती तिच्या लॅबमध्ये आहे. बारावीच्या प्रत्येक मुलाला शाळेतल्या लॅबमध्ये किंवा बाहेर एखाद्या मार्गदर्शकाकडे संशोधन करावं लागतं. लॅबमध्ये न्यूरोसायन्स, समुद्रविज्ञान, खगोलशास्त्र, कॉम्प्युटर सिस्टिम्स, असे बरेच पर्याय. नववीत बायॉलॉजी, इंग्रजी आणि तंत्रज्ञान हे तीन विषय एकत्र गुंफून शिकवतात. तुमच्या ओढ्यावरच्या मुलीला ते फार आवडेल असा माझा अंदाज आहे. क्लबसाठी शाळेच्या वेळातच 'एट्थ पीरियड' असतो, त्यामुळे लांबून येणाऱ्या मुलांनाही त्यात भाग घेता येतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चतुराच्या पंखांबद्दल अर्धा तास बोललं तरी डोळे न फिरवणारी मुलं तिथे ढिगाने भेटतात. ज्या मुलाला आठवीपर्यंत असं कुणीच भेटलेलं नसतं, त्याच्यासाठी ही शाळा सुटका ठरते. अशी मुलं मी पाहिलीत. त्यांना सव्वा तासाची बस जाणवतही नाही.

तुमची मुलगी तशी आहे का, हे पत्रातून मला कळत नाही. तिला दोन जिवलग मैत्रिणी आहेत, ऑर्केस्ट्रा आहे, ओढा आहे. ती एकटी पडलेली दिसत नाही. सव्वा तास जाणं, सव्वा तास येणं म्हणजे दिवसाचे अडीच तास. वर टीजेचा गृहपाठ. ते अडीच तास कुठून निघणार ते कागदावर मांडून बघा. झोपेतून थोडे, व्हायोलिनमधून थोडे, आणि ओढ्यावरचे बहुधा सगळे. गंमत अशी, की ॲडमिशनचाच विचार केला तरी वर्षानुवर्षं एका ओढ्यातल्या जिवांची नोंद ठेवणारी मुलगी फाइल वाचणाऱ्याच्या लक्षात राहते. तेच नेमकं आपण 'चांगल्या कॉलेजसाठी' कापून टाकायचं?

आता तो बी. दोन दिवस धड जेवली नाही, हे तुम्ही ओझरतं लिहिलंत; मी तिथेच सगळ्यात जास्त थांबले. टीजेमध्ये बी येणं ही रोजच्यातली गोष्ट आहे, बहुतेकांना येतात. काही मुलांना याचा उलटा दिलासा मिळतो, की चला, आपणच एकटे नाही. काहींना मात्र वाटतं की आपण आजवर हुशार असल्याचं सोंग करत होतो. यांतली कुठली होईल हे आधी सांगता येत नाही, पण आईवडिलांचा चेहरा त्या पहिल्या बी च्या दिवशी कसा होता, यावर बरंच अवलंबून असतं. सुनिया लुथर या भारतीय वंशाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यातली बरीच वर्षं अशाच सधन, यशाच्या मागे लागलेल्या शाळांतल्या मुलांचा अभ्यास केला. तिथे चिंता आणि नैराश्य सरासरीपेक्षा जास्त आढळतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. २०१८ मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या अहवालाने तर किशोरवयीन मुलांच्या मनावर घाला घालणाऱ्या परिस्थितींत गरिबी, आघात, भेदभाव यांच्याबरोबर यशाचा अतिरेकी दबावही धरला. यात टीजेचं वेगळं नाव घ्यायचं कारण नाही. तुमची बेस स्कूलही याच जातीची आहे. म्हणून शाळा कुठलीही घ्या, त्या जॉमेट्रीच्या बी बद्दल तुमचं तिघांचं एकदा शांतपणे बोलणं झालं पाहिजे. ते या निर्णयाच्या आधी झालं तर उत्तम.

आणि 'तुम्ही ठरवा'. या वयाची मुलगी असं म्हणते तेव्हा बहुतेक वेळा तिचं ठरलेलं असतं, फक्त ते ऐकून कुणाचा तरी चेहरा पडेल याची तिला धास्ती असते. बाबांचा पडेल, आजीचा पडेल. पेढे वाटल्याचं तिने ऐकलंय. 'तुला काय हवंय?' असं समोर बसवून विचारू नका, ती पुन्हा तेच उत्तर देईल. गाडीत, तुम्ही रस्त्याकडे बघत असताना, बारीकसारीक विचारा. टीजेला असलीस तर मंगळवारी संध्याकाळी सहाला तू काय करत असशील? बेस स्कूलला असलीस तर? कुठल्याच कॉलेजला शाळेचं नाव कळणार नाही असं असतं, तर तू कुठे गेली असतीस? या शेवटच्या प्रश्नावर ती पटकन जे बोलेल ते धरा. टीजेची जी मुलं खरोखर तिथली असतात, ती या प्रश्नाला थांबत नाहीत. ती लॅबचं नाव सांगतात. यजमानांना त्या वेळी गाडीत घेऊ नका. रागावू नका, पण 'अगं पण एमआयटी' हे त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय राहणार नाही.

निवड झालेल्या मुलांना शाळा दाखवण्याचा कार्यक्रम असेल तर तिला घेऊन जा, आणि जाताना बसच्या वेळेलाच घरातून निघा. त्या पहाटेच्या अंधारात ती कशी दिसते तेही बघा.

माझं मत मागितलं नाहीत, तरी देते. पत्रात जेवढं आहे त्यावरून माझा कल बेस स्कूलकडे आहे. कॉलेजसाठी नाही; ओढ्यासाठी, झोपेसाठी आणि त्या दोन मैत्रिणींसाठी. पण ती लॅब बघून आली आणि घरी येईपर्यंत तोंड मिटलं नाही, तर माझा कल कचऱ्यात टाका आणि तिला पाठवा. मग बाकीचं सगळं, बस धरून, जमवता येतं. एकच गोष्ट मला चालणार नाही: तिला काहीच वाटत नसताना, नाव मोठं म्हणून पाठवणं. त्या नावाचे कॉलेजात जेवढे पैसे वसूल होतील असं यजमानांना वाटतंय तेवढे होत नाहीत, हे वर पुरेसं झालं.

दोन्ही दारं कायमची बंद होत नाहीत, हेही तिला सांगा. टीजेला जाऊन जमलं नाही तर बेस स्कूलला परत येता येतं. मुलं येतात, आणि पुढे छान कॉलेजांतही जातात. आज नाही म्हटलं तर नववीत असताना दहावीच्या प्रवेशासाठी पुन्हा अर्ज करता येतो, मात्र त्या जागा मोजक्या असतात.

बेस स्कूल घेणार असाल तर उद्याच तिथल्या काउन्सेलरला एक ईमेल टाका. आठवीत जॉमेट्री झालेली मुलगी अकरावीत कॅल्क्युलस बीसीपर्यंत, म्हणजे एपी कॅल्क्युलसच्या वरच्या पातळीपर्यंत, पोचेल, तर बारावीला गणितात काय मिळेल? एपी बायॉलॉजी कितव्या वर्षी घेता येतं? एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स दर वर्षी चालतं, की मुलं पुरेशी झाली तरच? संशोधनाचा प्रकल्प करायचा तर शाळेत कुणी हाताखाली घेतं का? उत्तरं लेखी मागा, आणि ती गुळमुळीत आली तर ते टीजेच्या पारड्यात टाका.

आणि नकारच द्यायचा ठरला, तर शेवटच्या दिवशी रात्री बारापर्यंत थांबू नका. टीजेची प्रतीक्षा यादी असते. तुम्ही सोडलेली जागा तिथल्या कुणाला तरी जाते, आणि त्या घरातही आत्ता हीच चर्चा चाललेली असेल.